जगाची खातेवही कोणाच्या हाती

फेब्रुवारी-मार्च आला की निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या पॅकहाउसमध्ये रात्रंदिवस द्राक्षांचे पॅकिंग चालते. पेट्या प्री-कूलिंगमधून निघतात, रीफर कंटेनरमध्ये चढतात आणि कंटेनर न्हावाशेवा बंदराची वाट धरतो. समजा, त्यातला एक कंटेनर दुबईला गेला. खरेदीदाराने पेट्या उघडून पाहिल्या, माल पसंत पडला. आता पैसे यायचे. खरेदीदाराच्या खात्यात दिरहम आहेत, नाशिकच्या निर्यातदाराला रुपये हवे आहेत आणि इन्व्हॉइस आहे ४०,००० डॉलरचे. दोघांपैकी कोणीही अमेरिकेत राहत नाही, तिथे काही विकत नाही, तिथून काही घेत नाही. द्राक्षे अरबी समुद्र ओलांडून सरळ गेली, पण त्यांचे पैसे न्यूयॉर्कमार्गे येतात.

'येतात' हे आपण बोलण्याच्या सवयीने म्हणतो. प्रत्यक्षात काय होते ते बघण्यासारखे आहे. दुबईच्या बँकेचे न्यूयॉर्कमधल्या एखाद्या बड्या बँकेत डॉलरचे खाते असते. तसेच आपल्या निर्यातदाराच्या भारतीय बँकेचेही तिथल्याच एका बड्या बँकेत असते. बँकवाले अशा खात्याला 'नॉस्ट्रो' म्हणतात. शब्द इटालियन आहे, अर्थ 'आमचे'. आमचे खाते, तुमच्याकडे. तेच खाते न्यूयॉर्कच्या बँकेच्या टेबलावरून पाहिले की 'वोस्ट्रो' होते, म्हणजे 'तुमचे'. खरेदीदाराच्या खात्यात दिरहम नावे पडतात. दुबईची बँक न्यूयॉर्कला निरोप धाडते की आमच्या खात्यातून एवढे डॉलर काढा आणि त्या भारतीय बँकेच्या खात्यात जमा करा. न्यूयॉर्कच्या दोन बँका आपसातला हिशेब 'चिप्स' नावाच्या समाशोधन व्यवस्थेतून मिटवतात. भारतीय बँकेच्या नॉस्ट्रो खात्यात डॉलर जमा होतात आणि मग ती बँक स्वतःच्या जवळचे रुपये, त्या दिवशीच्या टीटी बाइंग दराने, निर्यातदाराच्या खात्यात टाकते. डॉलर न्यूयॉर्कमध्ये होते आणि न्यूयॉर्कमध्येच राहिले. बदलल्या त्या फक्त चार-पाच खातेवह्यांमधल्या नोंदी.

पैसे आले नाहीत म्हणून निर्यातदार फोन करतो, तेव्हा तो समोरच्याला 'स्विफ्ट कॉपी पाठवा' असे सांगतो. एमटी १०३ नावाचा हा कागद बँकांनी बरीच वर्षे वापरला. आता त्याची जागा नव्या नमुन्याच्या निरोपाने घेतली आहे, पण बाजारात नाव तेच चालते. एका निर्यातदार मित्राने मला असा एक कागद दाखवला होता. एका बाजूला क्रमांक, समोर मजकूर. ५० क्रमांकाच्या ओळीत पैसे पाठवणारा, ५९ मध्ये पैसे घेणारा, ५६ मध्ये मधली बँक, ३३ब मध्ये मूळ रक्कम, ३२अ मध्ये प्रत्यक्ष पुढे सरकवलेली रक्कम. मूळ रक्कम आणि सरकवलेली रक्कम यांत २५ डॉलरचा फरक होता. ५६ क्रमांकातल्या बँकेचे मित्राने कधी दारही पाहिले नव्हते, तिच्याशी त्याचा काही करार नव्हता. तरी तिने आपली हमाली कापून घेतली होती. रक्कम लहान होती. पण त्या एका ओळीतून मला जागतिक अर्थव्यवस्थेची रचना जेवढी कळली तेवढी जाड पुस्तकांतून कळली नव्हती.

आपल्या लोकांना ही रचना परकी वाटायचे कारण नाही. काशीयात्रेला निघालेला माणूस वाटेत चोरा-पेंढाऱ्यांच्या भीतीने रोकड बांधून नेत नसे. इथल्या सावकाराकडे रुपये भरायचे, त्याने काशीच्या पेढीवर लिहिलेली हुंडी घ्यायची आणि तिथे ती वटवायची. पेशवाईत उत्तरेकडच्या वसुलीच्या मोठमोठ्या रकमा पुण्याला हुंडीनेच येत. हुंडी दाखवताच पैसे मिळायचे ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी मिळायचे ती मुदती. या कामाबद्दल सावकार घेई ती हुंडणावळ. पुढे परकी चलनाच्या विनिमय दरालाही मराठीत हाच शब्द लागला. दोन पेढ्यांमध्ये रुपये वाहून न्यावे लागत नसत, कारण एकमेकांच्या वहीत खाते असे आणि एकमेकांच्या सहीला पत असे. नॉस्ट्रो-वोस्ट्रो म्हणजे तेच. फरक एवढाच की हुंडीच्या जाळ्यात पेढ्या पुष्कळ होत्या, गावोगावी होत्या. आजच्या जाळ्याच्या सगळ्या दोऱ्या मोजक्या बड्या बँकांपाशी येऊन मिळतात आणि त्यातल्या बहुतेक दोऱ्या एकाच चलनाच्या आहेत.

बाझलच्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सने एप्रिल २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत जगात रोज साडेसात लाख कोटी डॉलरचे परकी चलनाचे व्यवहार होत असल्याचे आढळले. त्यातल्या ८८ टक्के व्यवहारांच्या एका बाजूला डॉलर होता. आणि या व्यवहारांतले ३८ टक्के लंडनमध्ये झाले होते. चलन अमेरिकेचे आणि बाजार इंग्लंडात. हे कसे झाले, ती गोष्ट शीतयुद्धातली आहे.

१९५० च्या दशकात सोव्हिएत रशियाजवळ डॉलर साठू लागले. ते न्यूयॉर्कच्या बँकेत ठेवावेत तर अमेरिका कधीही गोठवील ही धास्ती. म्हणून रशियाने ते लंडनच्या मॉस्को नारोदनी बँकेत आणि पॅरिसच्या आपल्याच मालकीच्या एका बँकेत ठेवले. त्या पॅरिसच्या बँकेचा तारेचा पत्ता होता 'युरोबँक', आणि त्यावरून युरोपात ठेवलेल्या अशा डॉलरना 'युरोडॉलर' हे नाव पडले, असे सांगतात. साम्यवादी सरकारच्या भीतीतून भांडवली जगाचा सर्वांत मोठा बाजार उभा राहिला, हे मला इतिहासातले फार विलक्षण वळण वाटते. अमेरिकेत त्या वेळी ठेवींवरच्या व्याजाला कायद्याने कमाल मर्यादा होती. लंडनमध्ये डॉलरच्या ठेवीला ती लागू नव्हती आणि बँक ऑफ इंग्लंडने या धंद्याकडे कानाडोळा करायचे ठरवले. मग अमेरिकेच्या बड्या बँकांनीच लंडनमध्ये शाखा उघडल्या आणि आपल्याच देशाचे नियम चुकवून आपल्याच देशाच्या चलनाची घाऊक देवघेव सुरू केली. १९६३ मध्ये इटलीच्या महामार्ग कंपनीसाठी दीड कोटी डॉलरचे पहिले युरोबाँड लंडनमध्येच काढले गेले. १९६९ मध्ये इराणच्या शहांसाठी अनेक बँकांनी मिळून ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले, व्याजाचा दर वरखाली होणारा. बँकांनी टोळी करून एखाद्या देशाला कर्ज देण्याचा हा पायंडा पुढे फार महागात पडणार होता.

त्याआधी एक छोटी गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यातून या जाळ्याचा पहिला मोठा दोष कळला. २६ जून १९७४. जर्मनीतल्या कोलोन शहरातली हेर्श्टाट ही काही अवाढव्य बँक नव्हती. परकी चलनाच्या सट्ट्यात ती बुडाली आणि त्या दिवशी दुपारी, जर्मनीतली देवघेव आटोपल्यावर, सरकारी यंत्रणेने तिचा परवाना काढून घेतला. कोलोनमध्ये दुपार होती, पण न्यूयॉर्कमध्ये सकाळच होती. ज्या बँकांनी हेर्श्टाटशी जर्मन मार्क देऊन डॉलर घेण्याचे सौदे केले होते, त्यांचे मार्क जर्मनीत देऊन झाले होते. डॉलर न्यूयॉर्कमध्ये मिळायचे होते. तिथे हेर्श्टाटचे खाते चेस मॅनहॅटन बँकेत होते. चेसने पैसे देणे थांबवले. मार्क गेले, डॉलर आले नाहीत. पुढचे काही दिवस न्यूयॉर्कमध्ये कोणी कोणाला पैसे द्यायला धजेना. समोरचा आज टिकेल का, याचीच खात्री उरली नव्हती.

एका मध्यम बँकेच्या दिवाळ्याने दोन खंडांमधली देवघेव गोठू शकते, हे तेव्हा जगाला कळले. त्याच वर्षाच्या अखेरीस दहा प्रमुख औद्योगिक देशांच्या मध्यवर्ती बँकांनी बाझलला बँक देखरेखीची समिती नेमली. 'बाझल नियम' म्हणून आपण ज्यांची नावे वाचतो ते नियम हीच समिती करते. मात्र दोन्ही चलने एकाच क्षणी हातोहात देणारी 'सीएलएस' ही व्यवस्था उभी राहायला २००२ उजाडावे लागले. तिच्यात आज १८ चलने आहेत. रुपया त्यात नाही.

आता १९७३ कडे वळू. तेल उत्पादक देशांनी भाव वाढवले; सुमारे ३ डॉलरचे पिंप काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात गेले. आखाती देशांकडे एवढे डॉलर आले की ते खर्च करणे त्यांना शक्यच नव्हते. त्यांनी ते न्यूयॉर्क-लंडनच्या बड्या बँकांत ठेवले. ठेव आली की बँकेला कर्जदार शोधावा लागतो. युरोप-अमेरिकेत मंदी होती. मेक्सिको, ब्राझील, अर्जेंटिना यांना मात्र कारखाने, धरणे, रस्ते बांधायचे होते, शिवाय महागलेले तेलही विकत घ्यायचे होते. तेलाचा पैसा बँकांतून फिरून तेल घेणाऱ्यांकडे पोहोचला. पाश्चात्त्य सरकारांनी या 'पुनर्वापरा'चे कौतुक केले. सिटीकॉर्पचे प्रमुख वॉल्टर रिस्टन तर देश कधी दिवाळखोर होत नसतात, असे ठामपणे मांडत. लॅटिन अमेरिकेचे परकी कर्ज १९७० च्या अखेरीस २,९०० कोटी डॉलर होते. १९८२ मध्ये ते ३२,७०० कोटींवर गेले.

या कर्जाची बांधणी समजली की पुढचे संकट समजते. एक बडी बँक पुढाकार घेई आणि कर्जाचे तुकडे करून शेकडो लहानमोठ्या बँकांना वाटून देई. अमेरिकेतल्या एखाद्या आडगावच्या बँकेच्या ताळेबंदातही ब्राझीलचे कर्ज असे, कारण वर बड्या बँकेचे नाव होते. व्याज दर सहा महिन्यांनी लंडनच्या 'लायबॉर' दराप्रमाणे बदले, वर थोडा चढावा. म्हणजे दर वाढण्याचा सगळा धोका कर्जदार देशावर. बँकांना वाटले, आपण सुरक्षित आहोत. पण कर्जदाराला न झेपणारा धोका शेवटी सावकाराकडेच परत येतो, हे गावातला कोणीही जुना सावकार सांगू शकला असता.

ऑक्टोबर १९७९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी महागाई मोडून काढण्यासाठी पैशाचा पुरवठा आवळला. व्याजदर भडकले. मेक्सिकोने ज्या कर्जावर ८-१० टक्के व्याज गृहीत धरले होते, त्यावर १५ टक्क्यांहून अधिक द्यायची वेळ आली, आणि त्याच सुमारास तेलाचे भाव उतरू लागले. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोचे अर्थमंत्री हेसुस सिल्व्हा हेर्त्सोग वॉशिंग्टनला गेले आणि आमच्याकडे हप्ता भरायला पैसे नाहीत, असे त्यांनी सांगितले. देशाचे परकी कर्ज सुमारे ८,००० कोटी डॉलर होते.

त्या क्षणी संकटात मेक्सिको एकटा नव्हता. अमेरिकेच्या नऊ सर्वांत मोठ्या बँकांनी लॅटिन अमेरिकेला दिलेली कर्जे त्यांच्या स्वतःच्या भांडवलाच्या १७६ टक्के होती. म्हणजे ती सगळी बुडाली असती तर या नऊही बँका कागदोपत्री संपल्या असत्या. सावकार आणि कुळ एकाच दोरीने बांधले गेले होते. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे प्रमुख जाक द लारोझिएर यांनी न्यूयॉर्कमध्ये बँकर्सना बोलावले आणि सुनावले की तुम्ही आणखी ५०० कोटी डॉलर मेक्सिकोला द्याल तरच नाणेनिधी पैसे देईल. जुनी कर्जे टिकवण्यासाठी नवी कर्जे द्या, असा तो प्रकार होता. बँकांनी दिली. नाणेनिधीने बदल्यात मेक्सिकोकडून खर्चकपात मागितली. मजुरी घटली, अनुदाने गेली, शाळा-दवाखान्यांवरचा खर्च आटला. लॅटिन अमेरिकेत या दहा वर्षांना 'हरवलेले दशक' म्हणतात. १९८९ मध्ये अमेरिकेचे अर्थमंत्री निकोलस ब्रेडी यांच्या योजनेने कर्जाचा काही भाग माफ झाला तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. बँकांना आपला तोटा पचवायला सात वर्षांची उसंत मिळाली. मेक्सिकोतल्या मजुराला ती मिळाली नाही, आणि या सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट मला सर्वांत जास्त सलते.

भारताने सत्तरच्या दशकात अशी बँकांची कर्जे फारशी घेतली नव्हती, म्हणून आपण त्या वेळी वाचलो. ऐंशीच्या दशकात मात्र आपणही अल्पमुदतीच्या परकी कर्जाची आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवींची सवय लावून घेतली. १९९०-९१ मध्ये आखाती युद्धाने तेल महागले, देशात राजकीय अस्थिरता होती, आणि परदेशी बँकांनी अल्पमुदतीची कर्जे पुढे चालू ठेवायला नकार दिला. मे १९९१ मध्ये स्टेट बँकेने २० टन सोने एका स्विस बँकेकडे, परत विकत घेण्याच्या बोलीवर दिले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी जवळपास ४७ टन सोने गहाण टाकून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. ते सोने मुंबईहून विमानाने रवाना झाले. एरवी सगळी देवघेव नोंदीवर चालते, पत संपली की खरोखरीचे सोने उचलून न्यावे लागते. त्या पिढीतल्या लोकांना ते दिवस आठवतात.

२००८ चे संकट आपण अमेरिकेतल्या घरकर्जांमुळे आले असे ऐकतो, आणि ते खरेही आहे. पण ते जर्मनी, स्वित्झर्लंड, इंग्लंडपर्यंत इतक्या झटकन कसे गेले, याचे उत्तर बड्या बँकांच्या खातेवहीत आहे. युरोपातल्या बँकांनी अमेरिकी घरकर्जांवर बेतलेले रोखे मोठ्या प्रमाणावर घेतले होते. त्यासाठी लागणारे डॉलर त्यांच्याकडे ठेवींतून आलेले नव्हते. ते न्यूयॉर्कच्या बाजारातून आज-उद्याच्या, आठवड्या-महिन्याच्या मुदतीने उसने घेतलेले होते. मुदत संपली की पुन्हा घ्यायचे. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स या अमेरिकी बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि कोणी कोणाला उसने देईना. युरोच्या देशातली बँक डॉलरअभावी मरणपंथाला लागली, आणि तिची मध्यवर्ती बँक डॉलर छापू शकत नव्हती. तेव्हा अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने १४ मध्यवर्ती बँकांशी चलन अदलाबदलीचे करार केले आणि डिसेंबर २००८ मध्ये त्यातून बाहेर गेलेली रक्कम ५८,००० कोटी डॉलरच्या आसपास होती. दक्षिण कोरिया, ब्राझील, मेक्सिको, सिंगापूर त्या यादीत होते. भारत नव्हता.

आपल्याकडे झळ वेगळ्या वाटेने लागली. आयसीआयसीआय बँकेच्या लंडनमधल्या उपकंपनीकडे लेहमनचे काही रोखे होते. रक्कम बँकेच्या आकाराच्या मानाने किरकोळ होती, पण अफवा पसरल्या आणि लोक एटीएमपुढे रांगा लावू लागले. ३० सप्टेंबर २००८ ला रिझर्व्ह बँकेला निवेदन काढावे लागले की बँकेकडे पुरेशी रोकड आहे. न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला वणवा लंडनच्या एका ताळेबंदातून दोन आठवड्यांत आपल्या गल्लीपर्यंत आला होता.

सर्वांत बोलकी गोष्ट मात्र आइसलँडची. जेमतेम सव्वातीन लाख वस्तीच्या या देशातल्या तीन बँका वाढत वाढत देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या नऊ-दहा पट झाल्या होत्या. त्यातल्या लांड्सबँकीने 'आइससेव्ह' नावाने इंटरनेटवर चढ्या व्याजाची खाती उघडून ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या लाखो लोकांच्या ठेवी गोळा केल्या. ऑक्टोबर २००८ मध्ये तिन्ही बँका एका आठवड्यात कोसळल्या. ब्रिटिश सरकारने लांड्सबँकीची मालमत्ता गोठवण्यासाठी दहशतवादविरोधी कायद्यातले कलम वापरले. एका मित्र देशाच्या बँकेवर! बँक जगभर धंदा करते, पण बुडाली की तिला उचलणारा करदाता एकाच देशाचा असतो. आइसलँडच्या जनतेने दोनदा सार्वमत घेऊन ते ओझे नाकारले आणि २०१३ मध्ये युरोपातल्या न्यायालयानेही आइसलँडच्या बाजूने निकाल दिला.

म्हणूनच २०११ पासून जी-२० देशांचे वित्तीय स्थैर्य मंडळ दर वर्षी 'बुडू देणे परवडणार नाही' अशा बँकांची यादी काढते. २०२४ च्या यादीत अशा २९ बँका होत्या: जेपी मॉर्गन चेस, सिटी, एचएसबीसी, बीएनपी पारिबा, डॉइच बँक, चीनच्या पाच बँका वगैरे. या बँकांना नेहमीपेक्षा जास्त भांडवल बाळगावे लागते. एकट्या जेपी मॉर्गन चेसची मालमत्ता तेव्हा सुमारे ४ लाख कोटी डॉलर होती. भारताचे वार्षिक राष्ट्रीय उत्पन्न साधारण तेवढेच. मालमत्ता आणि उत्पन्न यांची अशी तुलना करू नये हे मला मान्य आहे, तरी आकार डोळ्यांपुढे यावा म्हणून सांगितले. क्रेडिट स्विस ही १८५६ ची बँक याच यादीत होती. मार्च २०२३ मध्ये ग्राहकांनी पैसे काढायचा सपाटा लावला आणि एका शनिवार-रविवारात स्विस सरकारला तिचे लग्न यूबीएसशी लावून द्यावे लागले.

हे सगळे झाले धोक्याचे. सत्तेची गोष्ट वेगळी आहे, आणि ती आपण भारतीयांनी अंगावर घेतलेली आहे. इराणकडून आपण वर्षानुवर्षे तेल घेत होतो. पैसे आशियाई समाशोधन संघामार्फत जात. अमेरिकेच्या निर्बंधांचा दाब वाढला तशी डिसेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने तो मार्ग बंद केला. तेल येत राहिले, पैसे द्यायची वाट नाही. मग हॅम्बुर्गच्या एका इराणी-युरोपीय बँकेतून पैसे पाठवले. मे २०११ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावरच निर्बंध घातले. मग तुर्कस्तानच्या हाल्कबँकेतून. शेवटी २०१२ मध्ये तेलाच्या किमतीचा ४५ टक्के भाग कोलकात्याच्या युको बँकेत रुपयांत जमा करायचे ठरले आणि इराण त्या रुपयांतून भारतीय तांदूळ, औषधे वगैरे घेऊ लागला. युको बँक का? तिचा अमेरिकेत धंदा नव्हता, त्यामुळे अमेरिकेचा हात तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता. खरेदीदार तयार, विकणारा तयार, पैसा तयार, आणि मधल्या खातेवह्या बंद. दोन स्वतंत्र देशांचा व्यवहार तिसऱ्याच्या मर्जीवर अडला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये बेल्जियममधल्या 'स्विफ्ट'ने इराणी बँकांना आपल्या जाळ्यातून काढले. ही संस्था १९७३ मध्ये १५ देशांतल्या २३९ बँकांनी मिळून काढली होती, केवळ एकमेकांना नीट निरोप पोहोचावेत म्हणून.

निर्बंध मोडणाऱ्या बँकेचे काय होते, तेही जगाने पाहिले. फ्रान्सच्या बीएनपी पारिबाने सुदान, इराण, क्युबा यांचे डॉलरमधले व्यवहार न्यूयॉर्कमधून केले होते. २०१४ मध्ये तिला जवळपास ९०० कोटी डॉलर दंड भरावा लागला. त्याआधी २०१२ मध्ये एचएसबीसीने मेक्सिकोतल्या अमली पदार्थांच्या टोळ्यांचा पैसा नीट न तपासता आपल्या खात्यांतून जाऊ दिल्याबद्दल १९० कोटी डॉलर भरले. दुसऱ्या प्रकरणात दंड व्हायलाच हवा होता. पण दोन्हींचा एकत्रित परिणाम असा झाला की बड्या बँका घाबरल्या आणि जिथे नफा थोडा, शंका जास्त अशा देशांतल्या बँकांची खाती त्यांनी बंद करायला सुरुवात केली. २०११ नंतरच्या सात-आठ वर्षांत जगातले असे बँक-ते-बँक संबंध सुमारे एक पंचमांशाने घटले. सोमालियातल्या कुटुंबांना लंडनमधले नातेवाईक ज्या कंपनीमार्फत पैसे पाठवत, तिचे खाते २०१३ मध्ये बार्कलेजने बंद करायचे ठरवले, तेव्हा तो धंद्याचा निर्णय होता. त्या घरांच्या दृष्टीने तो पोटाचा प्रश्न होता.

मग डॉलरची ही वही सोडून आपली वही का उघडू नये? प्रयत्न चालू आहेत. रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०,००० कोटी डॉलरची गंगाजळी २०२२ मध्ये पाश्चात्त्य देशांनी गोठवली, तेव्हा दुसऱ्याच्या वहीवर विसंबण्याचा धोका सगळ्यांना दिसला. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी बँकांना भारतात रुपयांची खास वोस्ट्रो खाती उघडायची परवानगी दिली. पुढच्या वर्षी संयुक्त अरब अमिरातींशी रुपया-दिरहम व्यवहाराचा करार झाला. म्हणजे आपल्या सुरुवातीच्या द्राक्षांचे पैसे न्यूयॉर्कला न जाता यावेत, अशी सोय कागदावर झाली आहे. अडचण कुठे येते ते मे २०२३ मध्ये गोव्यात दिसले. शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव यांनी तिथेच पत्रकारांना सांगितले की आमच्याजवळ भारतीय बँकांत अब्जावधी रुपये साठले आहेत आणि ते कसे वापरावेत हा प्रश्न आहे. रशिया आपल्याला भरमसाट तेल विकतो, आपण त्याला थोडाच माल विकतो. उरलेल्या रुपयांचे त्याने करायचे काय? डॉलर मिळाला तर तो कोणालाही देता येतो, आणि देता येतो म्हणूनच सगळे घेतात. बड्या बँकांचे बळ त्यांच्या इमारतींत किंवा संगणकांत नाही, या सर्वमान्यतेत आहे. ते मोडायचे तर आधी आपला माल आणि आपला रोखेबाजार जगाला हवासा वाटला पाहिजे, आणि त्याला वेळ लागेल.

माझे मत सांगतो. बड्या बँका नकोत, असे मला वाटत नाही. त्यांच्या वहीशिवाय निफाडचा माल दुबईला गेला नसता आणि रत्नागिरीच्या गावात आखातातून महिन्याचे पैसे आले नसते. पण ज्या वहीवर सगळ्या जगाची देवघेव लिहिली जाते ती खासगी मालमत्ता म्हणून चालवू देता कामा नये. भांडवलाची अट कडक हवी, देखरेख करणाऱ्याला वही उघडून पाहायचा हक्क हवा, आणि गरीब देशांची खाती केवळ नफा कमी म्हणून बंद करता येऊ नयेत. २००८ नंतरची शिस्त सैल करा, अशी मागणी बँकांकडून आता पुन्हा होते आहे. आपल्या रिझर्व्ह बँकेने आणि सरकारने जागतिक बैठकांत या मागणीला स्पष्ट विरोध करावा.

तुमचा मुलगा, मुलगी, भाऊ परदेशात असेल आणि तिथून बँकेमार्फत पैसे येत असतील तर एक काम करा. पुढच्या वेळी बँकेकडून स्विफ्ट कॉपी मागून घ्या. पाठवलेली रक्कम आणि मिळालेली रक्कम शेजारी शेजारी लिहा, आणि मध्ये कोणत्या बँकेचे नाव आहे ते वाचा.